मराठी शाळेतील इंग्रजीचे अध्यापन : काही अनुभव, काही विचार

(श्री संत नामदेव महाराजांच्या पुण्यतिथीनिमित्त भरलेल्या मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



श्री नामदेव महाराजांच्या पुण्यतिथीच्या या मंगल प्रसंगी आपणासमोर चार शब्द बोलण्याची संधी मंडळाने मला दिली, याबद्दल मी प्रथम मंडळाचे आभार मानतो. चिटणीसांचे पत्र हाती आले तेव्हा मी संकोचून गेलो होतो. नावापुढे पदवीचे शेपूट नसलेला मी एक साधा शिक्षक. १९७५ साली नव्या अभ्यासक्रमाची दहावीची पहिली शालान्त परीक्षा झाली, तीत उत्तीर्ण झालो. पुढे अध्यापक विद्यालयात दोन वर्षे काढली. आणि त्यानंतर चाळीस वर्षे माध्यमिक शाळेतील पाचवी ते आठवीच्या मुलांना मुख्यत्वेकरून इंग्रजी शिकविले. परंतु ज्या हातांनी चाळीस वर्षे एकच काम केले, त्या हातांना आपली टीप कोठे वाकडी गेली एवढे तरी कळू लागते. त्या वाकड्या टिपांविषयीच मी आज बोलणार आहे.

विषय निवडताना मला फार विचार करावा लागला नाही. लग्नकार्यात, बारशाला, पंढरीच्या वारीत ज्ञातिबांधव भेटले की ख्यालीखुशालीनंतरचा दुसरा प्रश्न ठरलेला असतो. “सर, मुलगा बाकी विषयांत बरा आहे, पण त्याचे इंग्रजी काही सुधारत नाही. काय करावे?” कोणी शिकवणी लावतो, कोणी ऐपत नसताना कर्ज काढून मुलास इंग्रजी माध्यमाच्या शाळेत घालतो, तर कोणी “हे आपल्या नशिबातच नाही” असे म्हणून मुलास मशीनवर बसवितो. मशीनवर बसण्यात यत्किंचितही कमीपणा नाही. आपल्या सर्वांची घरे मशीननेच चालविली आहेत. परंतु आवडीने मशीनवर बसणे वेगळे आणि एका विषयाला भिऊन, हताश होऊन बसणे वेगळे.

ज्यांच्या नावाने आपण येथे जमलो आहोत त्यांच्यापासूनच आरंभ करू. नामदेव महाराजांची अभंगवाणी मराठीत आहे हे आपणांस लहानपणापासून ठाऊक आहे. परंतु महाराज पंजाबात गेले, तेथील लोकांत राहिले, आणि तेथील लोकांना समजेल अशा भाषेत त्यांनी पदे रचली. शिखांच्या गुरुग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदे आहेत. गुरुदासपूर जिल्ह्यातील घुमान हे गाव त्यांच्या वास्तव्याने पावन झाले, आणि २०१५ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनही तेथे भरले. सुमारे साडेसातशे वर्षांपूर्वी शिंप्याच्या घरात जन्मलेल्या या महापुरुषाने परभाषा आत्मसात केली, ती कोणत्या वर्गात बसून? लोकांत राहून, ऐकून, बोलूनच त्यांनी ती आपली केली असली पाहिजे. आणि तसे करताना मराठी टाकून दिली नाही. परभाषा वापरातून येते, आणि स्वभाषेच्या बळावर येते. मला जे सांगावयाचे आहे ते एवढेच आहे. पुढील सर्व त्याचा विस्तार समजावा.

आता एक गोष्ट सांगतो. ती सांगण्यास मला चाळीस वर्षे लागली.

१९८४ सालची हकीकत आहे. आठवीच्या वर्गात मी मुलांना एकेक करून उठवून त्यांच्या वडिलांचा व्यवसाय इंग्रजीत विचारीत होतो. एक मुलगा उठला. तो आपल्याच समाजाचा. त्याने उत्तर दिले, “माय फादर इज टेलर.” उत्तर बरोबर होते, एक ‘अ’ तेवढा राहिला होता. मी म्हणालो, “तुझ्या वडिलांच्या वाट्याला एक आर्टिकलही येऊ नये काय रे?” वर्ग खो खो हसला. मला माझ्या विनोदाचा अभिमान वाटला. तेवढ्यावर न थांबता मी त्याला ते वाक्य शंभर वेळा लिहून आणावयास सांगितले. दुसऱ्या दिवशी त्याने ते सुवाच्य अक्षरात लिहून आणले. पण त्या दिवसानंतर माझ्या तासाला त्याने तोंड उघडले नाही. वार्षिक परीक्षेत तो इंग्रजीत नापास झाला, आणि जूनमध्ये शाळेत आलाच नाही.

दिवाळीच्या सुमारास मी पँट शिवावयास टाकण्याकरिता बाजारपेठेतील त्याच्या वडिलांच्या दुकानी गेलो. वडील माप घेत होते व मुलगा मापाच्या वहीत लिहून घेत होता. मी वाकून पाहिले. लेंग्थ, वेस्ट, सीट, बॉटम, साइड पॉकेट दोन, बॅक पॉकेट एक, हे सारे इंग्रजीत, एकही अक्षर न चुकता. तेवढ्यात एक गिऱ्हाईक कापड घेऊन आले व हे धुता कसे येईल म्हणून विचारू लागले. मुलाने कापडाच्या काठावरील चिठ्ठी वाचली व सांगितले, “यात ६७ टक्के पॉलिएस्टर आहे, ३३ टक्के सुती. ब्लीचिंग पावडर लावू नका, आणि इस्त्री फार तापवू नका.” ज्याला मी इंग्रजीत ढ ठरविले होते तो मुलगा इंग्रजी वाचीत होता, समजून घेत होता, मराठीत समजावून सांगत होता, आणि त्यावर चार पैसे मिळवीत होता. मग माझ्याकडे वळून त्याने अदबीने विचारले, “सर, बॉटम किती ठेवू?” मी खालमानेने उत्तर देऊन घरी परतलो.

त्या रात्री प्रथमच माझ्या मनात आले, की दुकानातील मास्तराला जे साधले ते शाळेतील मास्तराला का साधू नये?

शाळेतील मास्तराजवळ पद्धतींची वाण नव्हती. आमच्या वडीलधाऱ्यांच्या काळी तर्खडकरांची भाषांतर पाठमाला घरोघरी होती. मराठी वाक्याचे इंग्रजी करावयाचे, इंग्रजीचे मराठी करावयाचे. तिने कित्येक पिढ्यांना नोकरीस लावले, याबद्दल आपण तिचे ऋणी राहिले पाहिजे. परंतु तिच्यातून आलेला माणूस लिहीत असे, बोलताना मात्र अडखळे. त्यानंतर रेन आणि मार्टिन यांचे १९३५ सालचे व्याकरण आले व ते प्रमाणग्रंथ होऊन बसले. नामाच्या व्याख्येपासून वाक्यपृथक्करणापर्यंत सर्व मुखोद्गत असलेले विद्यार्थी मी पाहिले आहेत. पोस्टात एक अर्ज लिहावयाचा झाला की तेच लेखनिकाची वाट पाहात बसत. काही शाळांनी प्रत्यक्ष पद्धती उचलली. तीत वर्गात मराठीचा शब्द उच्चारणे म्हणजे गुन्हा.

मी प्रशिक्षण घेतले त्या काळी रचना पद्धतीचा बोलबाला होता. स्वातंत्र्यानंतर इंग्रजीच्या शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी हैदराबादेस १९५८ साली केंद्रीय इंग्रजी संस्था निघाली, आणि सोप्याकडून अवघडाकडे लावलेल्या वाक्यरचना मुलांकडून घोटून घ्याव्या, हा विचार देशभर पसरला. त्यानुसार मी वर्गात दाराकडे चालत जात असे व मोठ्याने म्हणत असे, “आय ॲम गोइंग टु द डोअर.” साठ मुले माझ्यामागून तेच म्हणत. पद्धत वाईट नव्हती. कान आणि जीभ तिने तयार होई. परंतु दाराकडे जाणारा शहाणा माणूस ‘मी दाराकडे जात आहे’ असे ओरडत जात नाही, हे मुलांना कळत होते. ते फक्त मला कळत नव्हते.

शासनाचे धोरणही स्थिर राहिले नाही. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या वर्षांत मुंबई राज्यात पाचवी ते सातवीचे इंग्रजी काढून ते आठवीपासून ठेवण्यात आले. माझ्या विद्यार्थिदशेत ते पुन्हा पाचवीपासून होते. २००० सालापासून महाराष्ट्रात ते पहिलीपासून सुरू झाले. कोणत्या इयत्तेपासून शिकवावे यावर जेवढा खल झाला, त्याच्या चौथाई तरी कसे शिकवावे यावर व्हावयास हवा होता, असे माझे नम्र मत आहे.

त्या दुकानातील प्रसंगानंतर मी मिळेल ते वाचू लागलो. दोन माणसांच्या विचारांनी माझे डोळे उघडले. पहिले मायकेल वेस्ट. हे गृहस्थ इंग्रजांच्या राज्यात ढाक्यास शिक्षणखात्यात होते. बंगाली मुलांकडे पाहून त्यांनी १९२६ सालच्या आपल्या ग्रंथात एक मोठा व्यवहारी प्रश्न विचारला. बहुसंख्य मुले शिक्षण पुरे न करताच शाळा सोडतात. अशा मुलाच्या पदरात त्या क्षणी काय पडते? आयुर्विम्याचे हप्ते मध्येच थांबले तरी पॉलिसीची काही सरेंडर व्हॅल्यू हाती येते, हे आपण जाणतो. तशी ती इंग्रजीच्या शिक्षणालाही असली पाहिजे, असे त्यांचे म्हणणे. व्याकरणाचे अर्धे नियम घेऊन बाहेर पडलेल्या मुलाच्या हाती शून्य येते. परंतु ज्याला सोपे इंग्रजी वाचता येऊ लागले त्याची पुंजी त्याच्याजवळ राहते व पुढे वाढते. म्हणून त्यांनी वाचनाला अग्रस्थान दिले, आणि नेहमी लागणारे शब्द निवडून त्यांतच लिहिलेली सोपी पुस्तके तयार केली. हे वाचताना माझ्या डोळ्यांपुढे मापाची वही आली. त्या मुलाच्या पदरात जी पुंजी होती ती दुकानाने दिली होती. माझ्या वर्गाने नव्हे.

दुसरे आपल्याच देशातील, एन. एस. प्रभू. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९ ते १९८४ या काळात बंगलोर, मद्रास वगैरे ठिकाणच्या काही साध्या शाळांत एक प्रयोग केला. व्याकरणाचे नियम न सांगता मुलांपुढे कामे ठेवावयाची. रेल्वेचे वेळापत्रक द्यावे, नकाशा द्यावा, आणि विचारावे, अमुक वाजता पोहोचावयाचे तर कोणती गाडी धरावी? मुलाचे सारे लक्ष उत्तर शोधण्याकडे असते. भाषा त्या ओघात येते. पुढे १९९० साली त्यांनी एका लेखात असे मांडले, की सर्वांस सर्वकाळ उत्तम अशी एक पद्धत नसतेच. आपण जे करतो त्याने मूल शिकते, अशी शिक्षकाची आतून खात्री असावी आणि ती खात्री त्याने सतत तपासून पाहावी. खरा शत्रू म्हणजे यंत्रवत् शिकविणे. माझ्यासारख्या मॅट्रिक शिक्षकाला या विचाराने मोठा धीर आला.

बंधुभगिनींनो, आपल्या घरात मूल शिवणकाम कसे शिकते हे जरा आठवा. प्रथम ते नुसते बसून पाहते. मग सुईत दोरा ओवून देते. मग गुंड्या लावते, काजे करते, तुरपाई करते. मग त्याला सरळ टीप मारावयास मिळते. कापड बेतण्याची कात्री मात्र त्याच्या हाती सर्वांत शेवटी येते. कारण टीप चुकली तर उसवता येते, बेत चुकला तर कापड वाया जाते. शिवाय पहिल्या दिवसापासून त्याच्या हातून जे होते ते खऱ्या कपड्याला लागते. चार गुंड्या लावल्या तर त्या कोणाच्या तरी खऱ्या सदऱ्यावर असतात.

आम्ही शाळेत काय करतो? पहिल्याच दिवशी मुलाच्या हाती कात्री देतो आणि कापड मात्र देत नाही! नियम पाठ करावयास लावतो. त्याने तोंड उघडले की चूक काढतो. आणि जे लिहावयास सांगतो ते कोणीही कधीही वाचणार नसते. व्याकरण नको असे मी म्हणत नाही. बेतणे न येणारा शिंपी जन्मभर कामगारच राहतो. परंतु ज्याने शंभर वाक्ये ऐकली-वाचली आहेत त्यालाच एकशे एकाव्या वाक्याचा नियम उमजतो. मुलाची चूक ही टिपेची चूक आहे. ती उसवून पुन्हा घालता येते. त्या मुलाचा राहिलेला ‘अ’ म्हणजे एक सुटलेला टाका होता, आणि मी त्याचा सदराच फाडून टाकला.

आता स्वभाषेच्या बळाविषयी. पुष्कळांची अशी समजूत आहे की मराठी ही इंग्रजीच्या वाटेतील धोंड आहे. माझा अनुभव उलट आहे. मी मुलांना फळ्यावर लिहून दाखवीत असे, ‘रामाने रावणास मारले’ आणि ‘रावणास रामाने मारले’. मराठीत शब्द कसेही फिरवा, मरतो तो रावणच. कारण विभक्तीचे प्रत्यय त्याला धरून ठेवतात. इंग्रजीत मात्र दोन नावांची अदलाबदल केली की राम मरतो! तेथे प्रत्ययाचे काम जागा करते. हे एकदा कळल्यावर ‘आय मँगो ईट’ असे लिहिणारा मुलगा आपली चूक आपणच शोधून काढतो. आपण ‘टेबलावर’ म्हणतो, ‘वर’ मागून लागतो. त्यांचा ‘ऑन’ पुढे येतो. आपल्याला ताप ‘येतो’, भूक ‘लागते’. इंग्रजीत ताप माणसाजवळ ‘असतो’ आणि माणूस स्वतःच भुकेला असतो. आपण निघताना ‘येतो’ म्हणतो; त्याचे शब्दशः इंग्रजी केले तर यजमान बुचकळ्यात पडेल. मुले हे ऐकून पोट धरून हसत, आणि त्या हसण्यात कोणाचाही अपमान नसे.

उच्चाराचेही तसेच. आपल्या देवनागरीत जसे लिहावे तसे वाचावे; इंग्रजीत तो हिशेब नाही. पँटची कंबर म्हणजे वेस्ट, पश्चिम दिशा म्हणजे वेस्ट, वाया घालविणे म्हणजे वेस्ट, आणि आतील बंडी म्हणजेही वेस्ट. आपल्या लिपीत चारही सारखीच दिसतात. परंतु बंडीच्या शब्दातील पहिला ध्वनी वरचे दात खालच्या ओठावर टेकवून काढावयाचा, उरलेल्या तिहींत दोन्ही ओठांचा चंबू करावयाचा. कंबर आणि वाया घालविणे हे शब्द स्वरातही सारखे, पश्चिमेचा स्वर आखूड. आरसा घेऊन दहा मिनिटे हे करून दाखविले की मुलांना जन्मभर पुरते. ‘तुझा उच्चार गावंढळ आहे’ असे वर्षभर हिणविल्याने मात्र काही होत नाही.

प्रत्यक्ष तासाला मी पुढे काय करू लागलो तेही थोडक्यात सांगतो. तास ३५ मिनिटांचा, वर्गात ६० मुले. मी एकेकाला उठवून बोलते केले तर प्रत्येकाच्या वाट्याला ३५ सेकंद येतात. आणि त्यांतही माझेच बोलणे अधिक. म्हणून मी बाकावरील दोघांची जोडी केली. पहिली काही मिनिटे मी एखादी सोपी गोष्ट मोठ्याने वाचीत असे, कीर्तनकार आख्यान अर्धे ठेवतो तशी रंगात आली की तोडून. मुले दुसऱ्या दिवसाची वाट पाहात. मग जोडीने करावयाचे काम. कधी स्थानकावरून आणलेले गाड्यांचे वेळापत्रक, कधी औषधाच्या खोक्यावरील मजकूर, कधी मापाची टेप. शेजाऱ्याच्या सदऱ्याची लांबी, बाही, गळा मोजावयाचा, इंग्रजीत लिहावयाचा, आणि तो कागद तिसऱ्याच जोडीला देऊन हा सदरा कोणाचा ते ओळखावयास सांगावयाचे. कॉलर, कफ, पॉकेट, बटन, हुक, इंच असे कितीतरी शब्द आपल्या मुलांच्या तोंडी आधीच असतात. ती त्यांची पुंजी आहे. शिक्षकाने ती मोजून घ्यावी, मग आपली भर घालावी.

लेखनाला मी कोटाची रीत लावली. कोट एकदम पक्का शिवीत नाहीत. धावदोरा घालून अंगावर चढवून पाहतात, मग टीप मारतात. तसा निबंध प्रथम कच्चा. त्यात मी एका वेळी एकाच जातीची चूक दाखवी. या आठवड्यात क्रियापदाचा काळ, तर पुढील आठवड्यात आर्टिकल. सर्व चुका एकदम तांबड्या शाईने रंगविल्या की वही रक्तबंबाळ दिसते आणि मूल ती मिटून ठेवते. कवितेच्या बाबतीत एकच पथ्य पाळले. कविता प्रथम दोनदा नुसती ऐकावयाची. तिचा अर्थ मुलांनी मराठीत आपल्या शब्दांत सांगावयाचा. गाइडातील रसग्रहण शेवटपर्यंत उघडावयाचे नाही.

याने सारे विद्यार्थी इंग्रजीत पहिले आले, असे मी सांगितले तर ते असत्य होईल. वर्गात गलका होतो म्हणून वरिष्ठांनी मला अनेकदा बोलावून घेतले. परीक्षा जवळ आली की पालकच म्हणत, “सर, आता खेळ पुरे, प्रश्नोत्तरे लिहून द्या,” आणि काही वर्षे मीही कच खाऊन ती लिहून दिली. परंतु एक फरक निश्चित पडला. माझ्या तासाला गप्प बसणारी मुले बोलू लागली, आणि जे बोलत होते ते पुढे टिकले.

आता इंग्रजी माध्यमाचा प्रश्न. तो टाळून हे व्याख्यान पुरे होणार नाही. ज्यांनी मुलांना त्या शाळांत घातले त्यांस मी दोष देत नाही. मुलाखतीला गेलेल्या मराठी मुलाची मान खाली गेलेली त्यांनी पाहिली आहे. परंतु इंग्रजी भाषा येणे आणि सर्व विषय इंग्रजीतून शिकणे या दोन गोष्टी भिन्न आहेत. घरी कोणी इंग्रजी बोलत नाही, शाळेतील शिक्षकांस ते जेमतेम येते, अशा स्थितीत मूल विज्ञानाचे उत्तर अर्थ न कळता पाठ करते. त्याला धड विज्ञान येत नाही, धड इंग्रजी येत नाही, आणि आजीच्या पत्राइतकेही मराठी वाचता येत नाही. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेही शक्य तेथे निदान पाचवीपर्यंत, आणि जमल्यास आठवीपर्यंत, मातृभाषेतून शिकवावे असे म्हटले आहे. ज्यांनी माध्यम निवडले आहे त्यांनी ते सुखाने चालवावे. पण घरी मराठी वाचन सोडू नये. ज्यांची मुले मराठी शाळेत आहेत त्यांनी मनात न्यूनगंड बाळगू नये; इंग्रजी विषय मात्र नेटाने शिकावा.

तरुण मंडळी म्हणतात, “सर, आता भ्रमणध्वनी एका क्षणात भाषांतर करून देतो; शिकावयाचे कशाला?” याचे उत्तर आपल्या धंद्यानेच दिले आहे. तयार कपडे आले, तेव्हा शिंप्याचे दिवस संपले असे लोक म्हणाले. आपल्यापैकी अनेकांना त्याची झळ बसली, हे खरे. पण आजही तो तयार सदरा खांद्यात उतरला की माणूस आपल्याच दुकानी येतो. यंत्राने दिलेले वाक्य तयार कपड्यासारखे असते. ते कोठे ढगळ आहे, कोठे काचते आहे, हे ज्याला भाषा येते त्यालाच दिसते. ज्याला येत नाही तो मिळेल ते घालून चारचौघांत जातो.

शेवटी मंडळापुढे दोन विनंत्या ठेवतो. पहिली पुस्तकांविषयी. १९८० च्या सुमारास फिजी बेटांतील खेड्यांच्या प्राथमिक शाळांत एक प्रयोग झाला. प्रत्येक वर्गात सुमारे २५० सोपी, सचित्र इंग्रजी गोष्टींची पुस्तके ठेवली आणि मुलांना रोज थोडा वेळ वाचू दिले. त्या मुलांची वाचनातील प्रगती इतरांच्या जवळजवळ दुपटीने झाली, असे १९८३ साली प्रसिद्ध झाले. आपले मंडळ २५० नाही तरी ५० पुस्तके घेऊ शकेल. निम्मी मराठी, निम्मी सोपी इंग्रजी. त्यांची एक पेटी समाजमंदिरात ठेवावी. दर रविवारी सकाळी एक तास मी तेथे येऊन बसेन. शुल्क नाही, परीक्षा नाही, हजेरीही नाही. ज्या आईवडिलांना इंग्रजी येत नाही त्यांनीही यावे. मुलाने वाचावे व त्यांना मराठीत सांगावे. समजावून सांगताना जे शिकणे होते त्यासारखे दुसरे नाही.

दुसरी विनंती गुणगौरवाविषयी. दरवर्षी आपण अधिक गुण मिळविणाऱ्या विद्यार्थ्यांचा सत्कार करतो. ते योग्यच आहे. पण जो मुलगा किंवा जी मुलगी एका विषयात नापास होऊनही खचली नाही, पुन्हा बसली आणि उत्तीर्ण झाली, तिच्यासाठीही एक नारळ व एक पुस्तक या व्यासपीठावर असावे. त्याचा खर्च माझ्या निवृत्तिवेतनातून मी दरवर्षी देईन. १९८४ साली एका मुलाला वर्गात जे मिळावयास हवे होते ते मी त्याला दिले नाही. ते देणे आता त्याच्या नावे फेडता येणार नाही. समाजातील दुसऱ्या कोणा मुलाच्या पदरात ते पडावे, एवढीच इच्छा.

  रविवारी सकाळी नऊ वाजता मी समाजमंदिराच्या ओट्यावर असेन. येतो.